गोळीतलं औषध कातडी बधिर कसं करतं?

प्रश्न : दातासाठी भुलीचं इंजेक्शन दिल्यावर माझी छाती धडधडली, चक्कर आली. तेव्हापासून ‘मला लिग्नोकेन चालत नाही’ असं मी सगळ्या डॉक्टरांना सांगतो. आता पाठीवरची चरबीची गाठ काढायची आहे. सर्जन म्हणतात, वेळ पडली तर तिथेच ट्रॅमाडॉल टोचू. ती तर मी गुडघेदुखीला घेतलेली गोळी! तिने कातडी बधिर होते?
– एक वाचक, कराड

उत्तर : होते, पण गोळीच्या वाटेने नाही.

ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं, पण प्रयोगशाळेत घडवलेलं औषध. गोळी घेतली की ते रक्तातून मेंदू आणि मज्जारज्जूपर्यंत जातं आणि वेदनेची खबर तिथे दाबतं. गुडघ्याची नस मात्र जागीच असते. टाचणी टोचली तर कळते. लिग्नोकेनचं काम थेट नसेवर चालतं. सोडियमचे कण नसेच्या आवरणातल्या बारीक दारांतून आत शिरतात, तेव्हा संदेश पुढे सरकतो. लिग्नोकेन ती दारं अडवतं, मग खबर निघतच नाही. ट्रॅमाडॉललाही हे जमतं, फक्त ते नसेपाशी दाट असावं लागतं. गोळीमुळे रक्तात उतरणारं प्रमाण त्यासाठी अगदीच तोकडं. कातडीत टोचल्यावर ते पुरतं.

आम्हा भूलतज्ज्ञांना हा गुण सर्वांत ठळक दिसतो तो याच कुळातल्या पेथिडीनमध्ये. १९३०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आयस्लेब आणि शाउमान हे संशोधक पोटातली कळ थांबवणारं, अ‍ॅट्रोपिनसारखं औषध शोधत होते. औषध दिलेल्या उंदरांच्या शेपट्या ताठ उभ्या राहिल्या, मॉर्फिनने राहतात तशा, आणि हाती पेथिडीन हे वेदनाशामक लागलं. मॉर्फिन कण्यात दिलं तर वेदना शमते, पण रुग्ण पाय हलवतो, हात लावलेला त्याला कळतो. पेथिडीन पुरेसं दिलं की स्पिरिटचा गार बोळा मांडीवर फिरवला तरी तो गार लागत नाही, आणि पाय उचलायला सांगितलं तर उचलत नाही. नुसत्या पेथिडीनवर कमरेखालच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत.

हा बधिरपणा अफूच्या नेहमीच्या वाटेचा नाही, हे कशावरून? नालॉक्सोन हा या औषधांचा उतारा. प्राण्यांच्या नसांवर ट्रॅमाडॉलचा प्रयोग केला, तेव्हा उतारा देऊनही बधिरपणा गेला नाही.

तरीही पहिली पसंती लिग्नोकेनलाच, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. ट्रॅमाडॉल टोचल्या जागी चुरचुरतं, कातडी लाल होते, काहींना मळमळतं.

शिवाय तुम्हाला लिग्नोकेन खरंच चालत नाही का, याची मला शंका आहे. त्याची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित आढळते. दाताच्या भुलीत बहुतेकदा अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं, त्याने छाती धडधडते. सुईच्या धास्तीनेही चक्कर येते. अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, धाप लागली होती का, ते आठवून सर्जनना सांगा आणि अ‍ॅलर्जीची तपासणी करून घ्या. कधी फिट आली असेल किंवा नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील, तर तेही लपवू नका; अशांना ट्रॅमाडॉल धोक्याचं ठरू शकतं. ते घरी कुणाकडूनही टोचून घेऊ नका. २०१८ पासून भारतात ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.