भागधारकाचे हक्क आणि न्यायालयांचे निर्णय

आयुष्यभराच्या पुंजीतून एखाद्या शिक्षकाने कंपनीचे शंभर भाग खरेदी केले, म्हणजे तो त्या प्रमाणात कंपनीच्या मालमत्तेचा मालक झाला, असा सर्वसाधारण समज आहे. न्यायालयांनी तो मान्य केलेला नाही. मात्र भागधारकाचे जे खरे हक्क आहेत, त्यांना न्यायालयांनीच बळकटी दिली आहे.

यासंबंधीचा महत्त्वाचा निर्णय १९५४ मध्ये गझदर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिला. चहा कंपन्यांच्या उत्पन्नापैकी ६० टक्के भाग शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त होता. आपल्या लाभांशालाही तीच सवलत मिळावी, अशी मुंबईतील एका भागधारक महिलेची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असून मळे तिचे आहेत, भागधारकांचे नाहीत. भागधारकाला जाहीर झालेला लाभांश मिळतो आणि कंपनी बंद झाल्यास देणी भागवून उरलेल्या मालमत्तेत वाटा मिळतो.

भागधारकाचे दुसरे सामर्थ्य मताचे आहे. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध एस्कॉर्ट्स या १९८५ च्या निर्णयानुसार, संचालकांना दूर करण्यासाठी सभा बोलावण्याची मागणी करणाऱ्या भागधारकाला त्याची कारणे देण्याचे बंधन नाही.

परंतु ज्यांची मते थोडी, त्यांचे काय? बहुमताच्या जाचाविरुद्ध दाद मागण्याची तरतूद १९५६ च्या कंपनी कायद्यात होती. आता ती २०१३ च्या कायद्याच्या कलम २४१ मध्ये आहे. भागभांडवल असलेल्या कंपनीत १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद, अथवा एक दशांश भागभांडवल धारण करणारे सभासद राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. योग्य प्रकरणी न्यायाधिकरण ही अट शिथिल करू शकते.

तथापि प्रत्येक मतभेद म्हणजे जाच नव्हे. नीडल इंडस्ट्रीज प्रकरणात (१९८१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, एखादी कृती बेकायदेशीर असली एवढ्यावरून ती जाचक ठरत नाही. वर्तनात सचोटीचा व न्याय्य व्यवहाराचा अभाव दिसला पाहिजे. टाटा सन्स प्रकरणात २०२१ मध्ये, केवळ अध्यक्षपदावरून दूर करणे हा जाच ठरत नाही, असा निर्णय झाला. तक्रार करणाऱ्या गटाकडे तेथे १८ टक्क्यांहून अधिक भाग होते.

या निर्णयांचा बोध सरळ आहे. न्यायालय कंपनीचा कारभार भागधारकाच्या वतीने चालवीत नाही. म्हणून वार्षिक अहवाल वाचणे, सभेची सूचना दुर्लक्षित न करणे आणि मत नोंदविणे, हेच लहान भागधारकाचे पहिले संरक्षण होय.