'लग्व' : अर्थ आणि व्याप्ती

पवित्र कुरआनच्या सूरह अल-मोमिनूनमध्ये यशस्वी श्रद्धावंतांचे गुण क्रमाने आले आहेत. दुसऱ्या आयतीत नमाजमधील विनम्रता, चौथ्या आयतीत जकात आणि या दोहोंच्या मध्ये 'लग्व'पासून दूर राहणे. दोन मूलभूत इबादतींच्या मध्ये ज्याला स्थान मिळाले, तो शब्द नीट समजून घेतला पाहिजे.

आपण सहसा 'लग्व' म्हणजे 'वाह्यात गोष्टी' असे सांगतो. 'वाह्यात' हा शब्दही मूळचा अरबीच. 'वाही' म्हणजे कमकुवत. हदीसशास्त्रात अत्यंत दुर्बल रिवायतीला हीच संज्ञा आहे. मलिक अंबरने 1610 साली खडकी या नावाने वसवलेल्या आपल्या या शहरात दखनी आणि मराठी शेजारी नांदल्या. हा शब्द आज दोन्हींचा आहे. मात्र मराठीत त्याला उच्छृंखलपणाची, अश्लीलतेची छटा आली. त्यामुळे वाचकाला वाटते, 'मी वाह्यात बोलत नाही. ही आयत माझ्यासाठी नाही.'

'लग्व' याहून व्यापक आहे. कुरआनचे कोशकार इमाम रागिब यांनी विचार न करता केलेल्या बोलण्याला लग्व म्हटले आणि त्याचा संबंध चिमण्यांच्या चिवचिवाटाशी जोडला. बुखारी व मुस्लिम यांतील हदीसचा आशय असा, की जुमाच्या खुतब्यात शेजाऱ्याला 'गप्प राहा' म्हणणाऱ्यानेही लग्व केले. हे शब्द अश्लील नाहीत, निरर्थकही नाहीत. पण ती वेळ ऐकण्याची होती. म्हणजे चांगली गोष्टही अस्थानी लग्व ठरू शकते.

याचा अर्थ हसणे-बोलणे वर्ज्य आहे, असा नाही. घरच्यांशी प्रेमाने बोलणे, मुलांना हसवणे यात नात्यांचे हित आहे. सवयीने तोंडून निघालेल्या लग्व शपथांबद्दल अल्लाह पकडणार नाही, असा दिलासाही सूरह अल-बकराच्या 225व्या आयतीत आहे. लग्व समोर आलेच तर वाद न घालता सन्मानाने पुढे जावे, ही शिकवण सूरह अल-फुरकानमध्ये (आयत 72) मिळते.

आज लग्व मोबाईलमधून घरात येते. एखादा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : यात कोणाचे हित आहे काय? आणि ही त्याची वेळ आहे काय? जन्नतमध्ये लग्व ऐकू येणार नाही, असे कुरआन सांगतो. तिची आशा बाळगणाऱ्याने आपली जीभ आणि आपले कान आतापासूनच त्यासाठी तयार करावेत.

अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी देवो. आमीन.