वीस मिनिटांचा खिमा

आमच्या घरी मटण रविवारी. सकाळी पेणहून आणायचं, वाटण करायचं, दुपारी दीड-दोनला तांदळाच्या भाकऱ्यांबरोबर जेवायचं आणि मग सगळ्या घराने आडवं व्हायचं. आठवड्याच्या मधल्या वारी, तेही रात्री, खिमा करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते पुतण्यामुळे.

तो अमेरिकेत शिकायला आहे. व्हिडिओ कॉलवर एकदा त्याने मला त्याची कढई दाखवली. खिमा, गाजर, मटार, ढोबळी मिरची, सगळं एकात. "काकी, वीस मिनिटं. भांडंसुद्धा एकच घासायचं." मी विचारलं, "कसला खिमा रे?" तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "बीफ. इथे तेच स्वस्त मिळतं." शेजारी बसलेल्या मामंजींनी चष्मा काढून पुसला, बोलले काही नाहीत. आमचं गाव गागोदे बुद्रुक. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म इथलाच. गोवंशाच्या रक्षणासाठी १९८२मध्ये मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यापुढे जो सत्याग्रह सुरू झाला, तो त्यांच्याच सांगण्यावरून. शिवाय मार्च २०१५पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आहे, म्हशीवर नाही. तेव्हा आमच्या कढईत बीफ येण्याचा प्रश्नच नव्हता. पण 'वीस मिनिटं' आणि 'एकच भांडं' हे दोन शब्द मनात बसले. मी पेणला एका दुकानाचे हिशेब लिहिते. घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. एकच भांडं घासायचं म्हटल्यावर कोणाला मोह होणार नाही?

आषाढ होता, गटारी तोंडावर आलेली. रविवारी मटणाबरोबर अर्धा किलो खिमाही काढून आणला आणि पिशवीसकट फ्रीजरमध्ये टाकला. त्याचा झाला गोळा, नारळाएवढा आणि नारळाइतकाच टणक. सोमवारी रात्रभर लाईट नव्हती. मंगळवारीही दुपारी गेली होती, असं मुलगा म्हणाला. आमच्याकडे पावसात लाईट जाणं ही काही सांगायची बातमी नसते, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

बुधवारी भिजत घरी आले. गोळा नळाखाली धरला, पिशवी सोलली आणि तापल्या कढईत ठेवला. पुतण्याने सांगितल्याप्रमाणे बटाटा, गाजर, फरसबी, टोमॅटो, सगळं त्याच्या भोवती. हळद, तिखट, मसाला. वर झाकण. मधूनमधून कालथ्याने गोळ्याची सुटलेली कड खरवडायची. बाराव्या मिनिटाला लाईट गेली. मेणबत्ती लावली. विसाव्या मिनिटाला वास असा सुटला होता की मुलगा ताट घेऊन उभा राहिला. खिमा बऱ्यापैकी मोकळा दिसत होता. चार-पाच लिंबाएवढे गोळे होते, ते मी मामंजींच्या आणि माझ्या ताटात वाढले, कारण मुलाला गोळे आवडत नाहीत. बटाटे कचकचीत राहिले होते. त्यावरून मला बोलणीही बसली. गोळ्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. मेणबत्तीच्या उजेडात लाल तिखटात माखलेला गोळा आतून गुलाबी आहे की तांबडा, हे कोणाला कळणार?

गुरुवारी रात्री मामंजींना ताप भरला. पहाटे माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. शुक्रवारी सकाळी दोघंही पेणला दवाखान्यात, शेजारी शेजारी, हाताला सलाईन लावून. मुलाने बटाटे बाजूला सारून नुसता रस्सा भाकरीशी खाल्ला होता. त्याला काही झालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, दोघांनीच खाल्लं असं काय होतं? मी आठवत गेले आणि त्या गोळ्यांपाशी येऊन थांबले. तपासणी कोणी केली नाही, त्यामुळे कोर्टात सिद्ध होईल असा पुरावा माझ्याकडे नाही. पण मामंजी ७२ वर्षांचे. तीन दिवसांत त्यांचे गाल आत गेले. मला त्याहून जास्त पुरावा लागला नाही.

बरी झाल्यावर मी या खिम्याच्या मागे लागले. पहिली गोष्ट कळली ती ही की खिमा म्हणजे बारीक केलेलं मटण, एवढंच नाही. मटणाच्या तुकड्यावर जे जंतू असतात ते बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात. तुकडा तेलात परतला की ते आधी मरतात. मशीनमधून निघालेल्या खिम्यात बाहेरची बाजू आत जाते आणि आतली बाहेर. म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याच्या मधोमधसुद्धा तेच असतं जे दुकानाच्या पाटावर होतं. म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे, कोंबडीचा असेल तर ७४.

अमेरिकेत हे शहाणपण फार महाग पडून आलं. १९९३मध्ये तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमुळे ७००हून अधिक माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. जंतू होता ई. कोलाय ओ१५७:एच७. हा गायीगुरांच्या आतड्यात राहतो, शेळ्यामेंढ्यांच्याही. जनावराला त्याचा त्रास होत नाही, माणसाच्या लहान मुलाची मात्र मूत्रपिंडं बंद पाडू शकतो. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने ठरवलं की कच्च्या खिम्यात हा सापडला तर तो माल भेसळीचा समजायचा. म्हणजे बीफ की बोकड हा वाद खिम्याच्या बाबतीत जंतूंना लागू नाही. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं काकी, मी थर्मामीटर लावतो." हे त्याने व्हिडिओत दाखवलं नव्हतं.

तिथली सरकारी खाती सांगतात की रंगावर जाऊ नका. चारातला एक हॅम्बर्गर पुरेसा तापण्याआधीच आतून तपकिरी होतो. आपल्याकडे तर रंगाचा काही उपयोगच नाही. हळद, तिखट आणि टोमॅटो पडल्यावर कच्चं काय आणि शिजलेलं काय, सगळं एकाच रंगाचं.

आता मी तोच खिमा करते, बुधवारीच करते, आणि साडेसातला घरी येऊन सव्वाआठला जेवायला बसतो. वीस मिनिटांत होत नाही. ज्यांना करायचा आहे त्यांनी पंचेचाळीस धरा. बोकडाचा खिमा बीफपेक्षा शिजायलाही जास्त वेळ घेतो. घाई करायची ती दुकानातून घरापर्यंत. कढईवर नाही.

खिमा समोर काढून घ्या. पाटावर आधीपासून पडलेला घेऊ नका. खाटकाला तुकडा दाखवायला सांगा, मशीन आधी कशासाठी चालवली ते विचारा. तो वैतागला तरी चालेल. बाजारहाट आधी उरका, खिमा सगळ्यात शेवटी. मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, आणि पारा ३२च्या वर असेल तर एकच तास. पेणमध्ये वैशाखात उभं राहून बघा, मग तो एक तासही जास्त वाटेल. आमच्याकडे यायला गाडीची वाट बघण्यातच वेळ जातो, म्हणून मी दुकानाच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवते आणि पिशवीत खिम्याच्या दोन्ही बाजूंना त्या घालून आणते.

घरी आल्यावर खिमा धुवायची सवय अनेकींना आहे. चाळणीत घालून नळाखाली. माझीही होती. धुऊन जंतू जात नाहीत, ते ओट्यावर, कोथिंबिरीवर आणि आपल्या अंगावर उडतात. वर खिमा पाणी पितो आणि मग तेलात परतला जात नाही. धुवायचाच असेल तर अख्खा तुकडा धुवावा आणि मग त्याचा खिमा काढावा. जाऊबाई हे अजून मानत नाहीत.

फ्रीजमध्ये ताजा खिमा एक, फार तर दोन दिवस. त्यापुढे फ्रीजर. आणि इथे माझी मूळ चूक: गोळा. पिशवीत घालून तो हाताने पसरून चपटा करा, बोटभर जाड, पाटीसारखा. असा खिमा पटकन गोठतो आणि सकाळी खालच्या खणात काढून ठेवला की संध्याकाळपर्यंत सुटलेला असतो. ओट्यावर ठेवून कामाला जाऊ नका. बाहेरचा भाग दुपारीच आंबट व्हायला लागतो आणि आत दगड असतो.

आता कढई. अर्ध्या किलोला माझी मोठी बिडाची कढई लागते. लहान कढईत खिमा थरावर थर बसतो, पाणी सोडतो आणि परतला जाण्याऐवजी उकडतो. दोन चमचे तेल, ते तापल्यावर निम्मा खिमा पसरून टाकायचा आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. खालून खरपूस झाला की उलटायचा आणि कालथ्याच्या पाठीने दाबून दाणा दाणा मोकळा करायचा. हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि हाच लोक टाळतात. मटारपेक्षा मोठा एकही गोळा राहता कामा नये. मग बाजूला काढून उरलेला निम्मा. अमेरिकन कृतीत इथे सुटलेली चरबी ओतून टाकायला सांगतात. बोकडाच्या खिम्याला एवढी चरबी सुटत नाही, ओतू नका, चव तिच्यातच आहे.

त्याच कढईत कांदा; अलिबागचा पांढरा मिळाला तर उत्तम, गोडसर होतो. आलं-लसूण, घरचा मसाला, मग खिमा सगळा परत आत. गाजर आणि बटाटा मटाराएवढे चिरून आत्ताच. अर्धी वाटी गरम पाणी, झाकण, मध्यम आच, पंधरा मिनिटं. टोमॅटो इतक्यात नाही. त्या रात्री माझे बटाटे कचकचीत राहिले याचं कारण मला नंतर कळलं: आंबट आधी पडलं की बटाटा-गाजर मऊ व्हायला कुरकुरतात. कोकमाचंही तेच. टोमॅटो, मटार, ढोबळी मिरची शेवटच्या दहा मिनिटांत. सगळीकडून बुडबुडे फुटत राहिले पाहिजेत, फक्त कडेने नाही. मोकळा खिमा उकळत्या रसात दहा मिनिटं राहिला तर तो ७१च्या कितीतरी पुढे गेलेला असतो. मग थर्मामीटर नसला तरी चालतो. गोळा राहिला तर मात्र कोणताही अंदाज चालत नाही.

सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, कुकर आहे की. खरं आहे. खिमा मोकळा करून परतून घेतलात तर कुकरही एकच भांडं.

उरलेलं कढईत झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजवून मेले त्यांच्या मागे काही जंतूंची बीजं जिवंत राहतात आणि कोमट कढईत ती फोफावतात. पसरट डब्यात काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी नुसतं गरम करू नका, उकळवा.

आणि इतकं करूनही पोट बिघडलंच तर: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. शौचावाटे रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा आजारी लहान मूल वा म्हातारं माणूस असेल तर घरगुती उपाय पुरे, गाडी काढा. रक्त असताना जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने देऊ नका. मी मामंजींना देणार होते. मुलाला गोळी सापडली नाही म्हणून राहिली.

राहिली लाईट. त्यावर पुतण्यानेच उपाय सांगितला, त्याची भरपाई म्हणा. एका वाटीत पाणी गोठवायचं, वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि वाटी फ्रीजरमध्येच ठेवायची. आपण नसताना लाईट गेली आणि आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलं, तर नाणं बर्फाच्या तळाशी दिसतं.

परवा बुधवारी घरी आले. मटार सोलून ठेवलेले, कांदा चिरलेला, मामंजी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. हल्ली ते विचारतात, "रुपया कुठे आहे?" फ्रीजर उघडला. रुपया तळाला. चपटी पाटी हाताला अगदी कडक लागत होती, वासही काही नव्हता. खिम्याच्या पिशवीकडे दोघांनी एकदा बघितलं. मग मी ती परसात, फणसाच्या मुळाशी खोल पुरून आले, हात धुतले आणि त्याच कढईत मटार-कांद्यावर चार अंडी फोडली.