यंत्राच्या हाताला दाब कसा कळतो?

शिरूर व दौंड तालुक्यांतील अनेक मुलांचे पालक रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत कामास जातात. त्यामुळे यंत्रांविषयीची जिज्ञासा या मुलांस घरातूनच मिळते. अंडे उचलताना आपली बोटे ते निसटणार नाही व फुटणारही नाही इतकाच दाब देतात. यंत्रमानवाच्या बोटांना हे कसे कळावे? इयत्ता सातवीच्या वर्गात पुढील प्रयोगाने याचे उत्तर शोधता येईल.

तत्त्व : कार्बनचे कण मिसळलेला काळा स्पंज दाबला की कण एकमेकांस अधिक ठिकाणी टेकतात. विजेला वाटा वाढतात व रोध घटतो. विरळ उभ्या माणसांतून गाठोडे हातोहात पुढे जात नाही, दाटीत मात्र सहज जाते, हा दाखला मुलांस द्यावा. हे तत्त्व जुनेच आहे. १८७७-७८ च्या सुमारास एडिसन व ह्यूज यांनी कार्बनचा असाच उपयोग ध्वनिग्राहकात केला. पुढे अनेक दशके दूरध्वनीत कार्बनचेच कण होते.

साहित्य : इलेक्ट्रॉनिक भाग ज्यात खोचून ठेवतात तो काळा स्पंज, पुठ्ठ्याचे दोन चौकोन, ॲल्युमिनियम फॉइल, तारा, मल्टिमीटर व दुकानातील वजने. साधा स्पंज चालत नाही. त्यातून वीज जात नाही. मल्टिमीटर गावातील वायरमनकडून मागून घ्यावा.

कृती : चौकोनांस फॉइल गुंडाळून मध्ये स्पंज ठेवावा. दोन्ही फॉइल एकमेकांस टेकू देऊ नयेत. त्यांस मल्टिमीटर जोडून तो रोध मोजण्याच्या खुणेवर ठेवावा. १००, २००, ५०० ग्रॅम अशी वजने एकेक करून ठेवावीत व दर वेळी आकडा फळ्यावर लिहावा. नंतर त्याच क्रमाने वजने उतरवीत पुन्हा आकडे लिहावेत. घरातील विजेची जोडणी या प्रयोगात कदापि करू नये.

चर्चा : चढते व उतरते आकडे जुळणार नाहीत. उतरताना रोध बहुधा कमी आढळेल. दबलेला स्पंज लगेच पूर्ववत होत नाही. येथेच शिक्षकाची कसोटी आहे. आकडे जुळवून लिहिण्याचा मोह मुलांस होतो. तो होऊ देऊ नये. वेगळा आकडा लिहिणाऱ्या मुलास चुकीचे ठरवू नये, त्यास पुन्हा मोजावयास सांगावे. जो यंत्रहात जुन्याच आकड्यावर विसंबेल तो अंडे तरी फोडील, नाही तर पाडील. म्हणून प्रत्येक वेळी पकडण्यापूर्वी रिकाम्या हाताचा आकडा नव्याने घ्यावा लागतो. दुकानदारही माल तोलण्यापूर्वी रिकामा तराजू पाहतोच.

स्वाध्याय : स्पंजावर ५०० ग्रॅमचे वजन दहा मिनिटे ठेवून काढावे. आकडा पूर्वस्थितीस येण्यास किती वेळ लागतो, हे मुलांनी नोंदवावे.