घरी बांधलेल्या विमानातील इंधनपातळीचे मापन

अमेरिकेत अनेक हौशी लोक लहान विमाने स्वतःच्या हातांनी बांधतात. ओरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या आरव्ही मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने या रीतीने तयार होऊन उडाली आहेत. आरव्ही-७ या दोन आसनांच्या विमानात इंधनाच्या टाक्या पंखांच्या पुढील कडेत असतात. किंबहुना पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत होय. प्रत्येक टाकीत २१ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ७९ लिटर पेट्रोल मावते. त्यातील किती उरले आहे हे वैमानिकास आसनावर बसल्या बसल्या कसे कळावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

त्याचे महत्त्व एका दुर्घटनेवरून ध्यानात येईल. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर हे कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात विमान कोसळून मरण पावले. ते विमान बर्ट रूटन यांच्या आराखड्याचे, लाँग-ईझी जातीचे व एका हौशी कारागिराने बांधलेले होते. इंधन पाहण्याच्या नळ्या वैमानिकाच्या पाठीमागे होत्या आणि त्यांवर मापाच्या खुणाच नव्हत्या. टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्यातील जागा सोडून डाव्या खांद्यामागे बसविलेला होता. तो फिरविण्याच्या प्रयत्नात विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने काढला. उड्डाणापूर्वी इंधन न भरणे हेही एक कारण ठरले. खुणा नसलेल्या नळ्या व खटक्याची जागा यांचाही अहवालात दोष म्हणून उल्लेख आहे.

आरव्ही विमानात हे काम पातळीप्रेषक करतो. टाकीच्या धडाकडील बरगडीवर एक तबकडी बसविलेली असते. तिच्यातून आत गेलेल्या तारेच्या दांडीच्या टोकाला एक तरंगक असतो. पेट्रोल कमी-अधिक झाले की तरंगक खाली-वर होतो, दांडी फिरते आणि तिला जोडलेला विद्युत्-रोध बदलतो. अमेरिकेतील प्रचलित प्रकारात टाकी रिकामी असता हा रोध सुमारे २४० ओहम व भरलेली असता सुमारे ३३ ओहम असतो. या रोधावरून दर्शकाचा काटा हलतो. म्हणजे दर्शकाला लिटर मुळीच ठाऊक नसतात. त्याला कळतो तो केवळ दांडीचा कोन.

येथेच अडचण उद्भवते. टाकी एक मीटरहून अधिक लांब, पण खोलीने जेमतेम वीतभर असते. शिवाय पंख टोकाकडे किंचित उचललेले असतात. हा चढ तीन अंशांचा धरला, तरी एक मीटर अंतरावर टाकीचा तळ पाच सेंटीमीटरांनी उंचावतो. त्यामुळे धडाकडील तरंगक छताला टेकला तरी बाहेरच्या टोकाला पुष्कळ जागा रिकामी असते, आणि तेथे पडणारे पेट्रोल काट्याला कळतच नाही. उलट टाकी संपत आली की उरलेले पेट्रोल धडाकडे गोळा होते. म्हणून नेमक्या त्या वेळी तरंगक कामी येतो. वरचे काही लिटर न दिसले तरी चालेल, तळचे दिसलेच पाहिजेत. या दृष्टीने ही जागा योग्यच म्हणावी लागेल.

सर्वांत काळजीचे काम दांडी वाकविण्याचे. तरंगक तळाशी शक्य तितका जवळ यावा, पण पत्र्याला घासू नये किंवा बरगडीत अडकू नये. टाकी बंद होण्यापूर्वीच ओहममापक जोडून दांडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावी. नंतर चूक सुधारणे म्हणजे वाळलेले लुकण खरवडणे होय, आणि ते काम ज्याने एकदा केले तो पुन्हा करू इच्छित नाही. तबकडी पेट्रोलला दाद न देणाऱ्या पॉलिसल्फाइड लुकणाने बसवितात. मात्र विद्युत्-प्रवाह टाकीच्या पत्र्यातूनच परत जात असल्याने, लुकणामुळे तबकडी पत्र्यापासून विलग झाली तर रोध वाढतो व भरलेली टाकीही रिकामी भासते. यासाठी परतीची वेगळी तार जोडणे बरे.

गळती तपासताना टाकीच्या एका नळीला रबरी फुगा बांधून किंचित हवा भरतात व सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. फुगा येथे सुरक्षेची झडपच होय. जास्त दाबाने टाकीच्या पत्र्याला इजा होण्याऐवजी तो फुगतो.

काही जण तरंगकाऐवजी धारित्र वापरतात. त्यात दोन पट्ट्यांमधील हवेची जागा पेट्रोलने घेतली की धारिता जवळजवळ दुप्पट होते. हालणारा भाग नसणे हा याचा लाभ. परंतु इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने आकडे बिघडतात, कारण पेट्रोलचा परावैद्युतांक २ च्या आसपास, तर इथेनॉलचा सुमारे २४ असतो.

प्रकार कोणताही असो, शेवटी मोजून भरण्यास पर्याय नाही. विमान उघड्या जागी, ठिणगीची भीती नाही अशा ठिकाणी उभे करावे. शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून उभे राहते, म्हणून त्याची शेपूट उचलून ते उड्डाणातील पातळीवर आणावे. प्रथम इंजिनाला न मिळणारे तळचे पेट्रोल भरून काट्याचे शून्य तेथेच ठरवावे. मग दोन-दोन गॅलन ओतत प्रत्येक वेळचे वाचन टिपावे. पेट्रोल ओतण्याचे तोंड पंखाच्या बाहेरच्या बाजूस असल्याने तेथून घातलेली मोजकाठी भरलेल्या टाकीचे माप नीट दाखविते, पण धडाकडे पेट्रोल शिल्लक असतानाही कोरडीच बाहेर येते. तेव्हा काठीवरील खुणा विमान जमिनीवर नेहमीसारखे उभे असताना करतात, दर्शकाची नोंद उड्डाणाच्या पातळीवर ठेवतात, आणि दोन्ही तक्ते विमानातच जपतात.