साडेसातशे मिलिसेकंदांचं कारण

शीतगृहातलं तापमान नोंदवणारं आमचं यंत्र अपरात्री धोक्याची घंटा वाजवू लागलं, तेव्हा तक्रार माझ्याकडे आली. नोंदीत दर वेळी एकच आकडा: ८५ अंश.

डीएस१८बी२० हा सेन्सर वापरलेला माणूस ८५ पाहताच चमकतो. वीज मिळाल्या मिळाल्या या सेन्सरच्या मेमरीत हाच आकडा असतो. मोजायला सांगितलं की १२ बिटांच्या मोजणीला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्याआधी वाचलं तर मागचाच आकडा हाती येतो. सीआरसी तपासूनही काही कळत नाही, कारण तो शिळा आकडा शाबूतच पोचलेला असतो.

जुन्या कोडमध्ये ७५० मिलिसेकंदांचा डिले होता. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. शेजारी कॉमेंट नाही, कमिटमध्ये फक्त ‘सेन्सर फिक्स’. पुढे कोणीतरी साफसफाईत तो डिले काढला आणि रिव्ह्यूत कोणी हरकत घेतली नाही. कशाला घेतील? कोड वाचून तो निव्वळ आळस वाटतो. टेबलावर चाचणीही पास झाली: वाचन दर मिनिटाला, त्यामुळे मिळणारा आकडा मिनिटभर जुना, आणि खोलीचं तापमान मिनिटात असं किती बदलणार? शीतगृहाच्या गावी मात्र वीज जायची, परत यायची आणि पहिलंच वाचन ८५.

त्यावर आलेला पहिला पॅच तर आणखी घातक होता: ८५ दिसला की टाकून द्या. घंटा थांबली असती, शिळे आकडे तसेच राहिले असते. शिवाय हाच कोड उद्या गरम पाण्याच्या टाकीवर बसवला असता, तर खरे ८५ अंशही गिळले असते. तो मी परत पाठवला. शेवटी स्वीकारलेल्या बदलाचं टिपण असं:

‘डीएस१८बी२०, १२ बिट: मोजणीला कमाल ७५० मि.से. (डेटाशीट). आधी वाचल्यास मागचं मोजमाप, वीज आल्यावर ८५. ९ बिटांना ९३.७५ मि.से. पुरतात, बिट बदलल्यास डिले बदला. तीन तारांच्या जोडणीवर तपासलं. दोन तारांवर तपासलेलं नाही.’

माझ्या मते यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. तीन तारा असल्या तर मोजणी झाली का, हे सेन्सरला मधूनमधून विचारता येतं. दोन तारांत तो डेटाच्या तारेवरूनच वीज घेतो, त्यामुळे मोजणी चालू असताना विचारायची सोय नाही, गुमान थांबायचं. उद्या डिले काढून तिथे अशी विचारणा घालणाऱ्याला हे वाक्य अडवेल.

मर्यादा कुठून आली तेही लिहा: डेटाशीटमधून, चिपच्या इराटातून, आपल्याच बोर्डाच्या रचनेतून, की नुसत्या निरीक्षणातून. इराटा चिपच्या पुढच्या आवृत्तीत संपू शकतो, बोर्डाची अडचण बोर्डाबरोबर जाते; कोडमधली पळवाट कधी काढायची हे त्यावरच ठरतं. लिनक्स कर्नलमध्ये आर्मच्या कॉर्टेक्स-ए५३ वरचा उपाय ८४३४१९ या इराटा क्रमांकाच्या नावानेच आहे, त्यामुळे कारण शोधत हिंडावं लागत नाही.

‘हार्डवेअरमुळे’ एवढंच लिहिलेला बदल मी हल्ली वाचायलाही घेत नाही. टिपण कमिटमध्ये हवं आणि एक ओळ त्या डिलेच्या डोक्यावरही, कारण साफसफाई करणारा इतिहास उघडून बघत नाही. सेन्सर कुठून घेतला तेही नोंदवा. डीएस१८बी२०च्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि त्यांनी डेटाशीट वाचलेली नसते.