स्नानगृहातील सांधे

झाशीचा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधला व १७४२ नंतर नारो शंकर या मराठी सुभेदाराने त्याचा विस्तार केला. त्या काळच्या गवंड्यांचा भरवसा चुन्यावर असे. पाण्याची जागा असली, की चुन्यात भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळीत. हे मिश्रण ओलाव्यातही घट्ट होते आणि भिंत किंचित हलली तरी सिमेंटइतके सहजी तडकत नाही.

आजच्या स्नानगृहात फरश्यांच्या सांध्यांत सर्रास पांढरा सिमेंट भरतात. सपाट भिंतीवर तो टिकतो. परंतु जमीन व भिंत, किंवा भिंत व बेसिन जेथे मिळतात, तेथे तो लवकरच फुटतो. कारण हे दोन भाग उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि झाशीत तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत शिरते. गृहिणीला ते दिसत नाही. पलीकडच्या खोलीचा गिलावा फुगून पोपडे धरू लागला, म्हणजे मग गवंड्याला बोलावणे जाते. सफाईसाठी वापरले जाणारे ॲसिडही सिमेंट खाऊन टाकते, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

अशा कोपऱ्यांत लवचीक सिलिकोन भरणे इष्ट. मात्र जुन्या थरावर नवा थर चढविणे व्यर्थ होय, कारण सिलिकोन सिलिकोनला धरत नाही. जुना थर पात्याने पूर्णपणे खरवडावा, बुरशी धुऊन काढावी (ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र कधीही करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो) आणि सांधा पूर्ण सुकू द्यावा. शिरक्यासारखा वास येणारा प्रकार चुना, सिमेंट व संगमरवर यांना बाधतो. तेथे उदासीन प्रकारचा सिलिकोन घ्यावा. भरल्यावर ओल्या बोटाने एकदाच दाबून नीट करावा व किमान २४ तास पाणी लागू देऊ नये.

लू वाहते तेव्हा हे काम लवकर वाळेल, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः सिलिकोन वाळत नाही, तो हवेतील बाष्प घेऊन घट्ट होतो; कोरड्या हवेत त्याला अधिक वेळ लागतो. पावसाची ओल भिंतीतून गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, हे काम हाती घ्यावे.